पर्सिव्हल स्ट्रीटच्या घराला मागणी

फ्रीटाउन,
१४ जानेवारी १९७९

चि. बांकोले यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. ख्रिसमसला पाठवलेला लोकरी कोट पोचला. या उन्हात तो घालायचा कुणी, ते मात्र तू कळवलं नाहीस. बेरिलला सांग, साबण छान होता.

आता मुद्द्याचं. मी घर घेते आहे. पर्सिव्हल स्ट्रीटवरचं, थॉर्प मंडळींचं. खाली लाल दगडाचं जोतं, वर फळ्यांचा मजला, त्यावर माळा. शंभरी कधीच उलटली त्याची. शाळेतून येताना तू त्याच्या पायऱ्यांवर बसून आंबा खायचास आणि कोय त्यांच्याच अंगणात भिरकावायचास, तेच घर.

तू डोंगरावर बांधलेलं घर चांगलंच आहे. वारा आहे, समुद्र दिसतो. पण समुद्राला काही झगे शिवून घालायचे नसतात! माझी गिऱ्हाइकं सगळी खाली शहरात. एका मापासाठी भाड्याच्या पोडा-पोडा गाडीची वाट बघण्यात माझी सकाळ जाते, आणि वर चढून माझ्याकडे कुणी येत नाही. हातातलं काम सुटत चाललंय, बाबा. काम सुटलं की मीही सुटले. पर्सिव्हल स्ट्रीटवरून चर्च, बाजार, कापडवाले, दवाखाना, सगळं पायी होतं. नवऱ्यामागे राहिलेली, कॉर्नेलियसची रीजंट गावची जमीन विकून पैशाची सोय मी केली आहे. तुझ्याकडे दमडी मागत नाही.

मागते ती एकच गोष्ट. पापा थॉर्प तुला आठवत असतील, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे ते. आता एकटेच असतात. मुलगी अमेरिकेला बोलावते आहे म्हणून विकायला निघालेत. पण दोन मोठी माणसं मोटारीतून आली आणि हात हलवत परत गेली. पापा म्हणतात, घर म्हणजे मुलगी. तिला रीतसर मागणी यावी, तीही घरच्या पुरुषाकडून. मी म्हटलं, आमचा पुरुष म्हणजे माझा भाऊ, तो लंडनात बसगाड्या दुरुस्त करतो. तर म्हणाले, मग त्याला लिहायला सांग. तेव्हा चार ओळी लिही. गोड लिही, थोडक्यात लिही, आणि हुशारी दाखवू नकोस.

तब्येत सांभाळ. मुलांना माझे पापे.
तुझी सिसी,
इयामिदे

०

लंडन,
२ फेब्रुवारी १९७९

ती. सिसीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बेरिल इतकी हसली की चहा सांडला. मी हसलो नाही. अगं, सिमेंटचं घर सोडून लाकडाच्या पेटीत जायचं? वाळवीने किती खाल्लंय ते पाहिलंस का? शेजारच्याचा स्टोव्ह भडकला तर सगळी आळी काडेपेटीसारखी पेटेल. लोक डोंगरावर जायला धडपडतात आणि तू खाली उतरतेस. तुझं सगळंच उलटं, आई म्हणायचीच.

पण तू ठरवलंस म्हणजे ठरवलंस. तुझ्यापुढे आजवर कुणाचं चाललंय? मागणीचं पत्र कालच टाकलं, आणि काय पत्र साधलंय म्हणतेस! ऑफिसातल्या मशिनवर टाइप करून घेतलं. म्हाताऱ्याला घराची काळजी असणार, म्हणून ती मुळातूनच मिटवली. लिहिलं की घर नव्यासारखं करू. मागची पडकी चूल पाडू, सबंध अंगण सिमेंटने पक्कं करू, म्हणजे चिखल नको, उंदीर नको, आणि मी येईन तेव्हा मोटार आत उभी राहील. वाचून खूश होतील बघ.

भावाला अगदीच टाकाऊ समजू नकोस.
तुझा,
बांकोले

०

पर्सिव्हल स्ट्रीट, फ्रीटाउन,
१६ फेब्रुवारी १९७९

रा. रा. बांकोले जॅरेट यांस,
स. न. वि. वि.

आपलं टाइप केलेलं पत्र पावलं. अक्षर फार स्वच्छ आहे.

आपण ज्या अंगणावर सिमेंट घालणार, त्यात आंब्याच्या बुंध्याशी एक खळगा आहे. माझ्या आजोबांपासून आमच्या सर्व मृतांचं जेवण त्या खळग्यात वाढलं जातं. माझी पत्नी तिथेच जेवते. तिच्या डोक्यावर आपण मोटार उभी करणार असाल, तर हा संबंध जुळणं अवघड आहे. मोटारींबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या भगिनी सज्जन आहेत, त्यांना कोय टाकणारा भाऊ आहे हा त्यांचा दोष नव्हे.

कळावे. घर विकायचं मी तूर्त थांबवलं आहे.
आपला,
झेफनाया थॉर्प

०

फ्रीटाउन,
९ मार्च १९७९

चि. बांकोले यास,
आशीर्वाद आहेत. आज अनेक नाहीत, एकच घे.

गाढवा, मी तुला चार गोड ओळी मागितल्या होत्या. तू माझ्या घरावर सिमेंट ओतलंस. आपल्या अंगणातही खळगा होता, आई ईस्टरला त्यात पावटे वाढायची. लंडनात जाऊन पितरांना कसा विसरलास रे? ते मोटारवाले दोघे परत का गेले ते आता मला कळलं. दोघांनाही अंगण पक्कंच करायचं होतं.

मी पापा थॉर्पांकडे गेले. त्यांनी आल्याचं सरबत दिलं, हवापाण्याचं बोलले, घराचं नाव काढू देईनात. शेवटी मीच म्हटलं, पापा, खळगा राहील. तुम्ही अमेरिकेत गेलात तरी वर्षाचं जेवण मी घालीन, आणि आधी तुमच्या माणसांची नावं घेईन, मग आमच्या. त्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, मी कोण हो म्हणणार? त्यांनाच विचारू. ईस्टरच्या सोमवारी खळग्याशी कोलाचं बी फोडून टाकू, कौल घेऊ. त्यांना पटलं तर घर तुझं, नाही तर नाही.

तर आता ऐक. कोलाच्या चार फोडी टाकल्या आणि दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या, तर होकार. चारही पालथ्या पडल्या तर कुणाच्या तरी पोटात राग दडलाय. एवढं तरी तुला आठवत असेल. म्हणून विचारते, आणि खरं सांग. मी डोंगरावरचं घर सोडते म्हणून तू माझ्यावर रागावला आहेस का? तुझ्या थट्टेत मला थोडं कडू लागलं. तिकडे राग गिळून बसलास तर इकडे माझं घर जाईल. मला ते घर हवंय, बांकोले. मी मेल्यासारखी डोंगरावर बसणार नाही.

लोभ आहे तो राहू दे. राग आहे तो कळव.
तुझी सिसी,
इयामिदे

०

लंडन,
२५ मार्च १९७९

ती. सिसीस,
सा. न. वि. वि.

हो. रागावलो होतो.

त्या घराची एकेक वीट मी इथल्या थंडीत गाड्यांखाली झोपून पाठवली. कॉर्नेलियस गेला तेव्हा मी येऊ शकलो नाही, म्हणून वाटलं, निदान तुझ्या डोक्यावर छप्पर तरी माझं असावं. आणि तू चार ओळींत लिहितेस, समुद्राला झगे घालायचे नसतात! मला फार लागलं ते. बेरिल म्हणाली की तू तिच्यासाठी घर बांधलंस, तिला विचारून बांधलंस का? मी दोन दिवस तिच्याशीही बोललो नाही.

आता बराचसा गेलाय. थोडा आहे अजून, खोटं कशाला लिहू? तो आपोआप जाईल. तू घर घे. मनापासून सांगतो, घे. पापा थॉर्पांना माझ्या वतीने क्षमा माग. वेगळं पत्र लिहायची माझी हिंमत नाही.

तुझाच,
बांकोले

०

पर्सिव्हल स्ट्रीट, फ्रीटाउन,
२० मे १९७९

चि. बांकोले यास,
अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

वरचा पत्ता वाचलास ना? आता सविस्तर सांगते.

सोमवारी सकाळी मी पामतेलात पावटे केले, पिठाचे अकारा वडे तळले, केळी तळली, वर रताळी. चर्चमधल्या चार बायका मदतीला होत्या. पापा थॉर्प काळा सूट, हॅट असे नटून खुर्चीवर बसलेले, जणू कुणाचं लग्न आहे. खळग्याशी पाणी ओतलं, कोला फोडला, टाकला. चारही पालथ्या! सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पिशवीतून तुझं पत्र काढलं आणि खळग्यापुढे मोठ्याने वाचलं, थोडा राग उरलाय तेही वाचलं. म्हटलं, माझ्या भावाच्या पोटात आहे ते सगळं हे असं उघड्यावर आहे, लपवलेलं काही नाही. पुन्हा टाकला. पुन्हा चारही पालथ्या.

मी फोडी वेचायला वाकले, बांकोले. आणि तेवढ्यात पापा थॉर्प उठले. हॅट काढून खळग्याकडे बघत म्हणाले, राग तिच्या भावाचा नाही, माझा आहे. मला जायचं नाहीये. अमेरिकेला नाही, मुलीकडे नाही, या घरातून कुठेच नाही. ही बाई चांगली आहे म्हणूनच मला तिचा राग येतो, कारण ती घर घेईल. आणि एवढा ताठ माणूस रडायला लागला.

आता तुला सांगते, खालची रस्त्याकडची खोली मी मनात शिवणासाठी धरली होती. मशिन कुठे, आरसा कुठे, सगळं ठरलं होतं. क्षणभर मला ती खोली फार प्रिय वाटली. मग मी जवळजवळ खेकसलेच, की मग राहा ना! खालची खोली घ्या, मी वर शिवीन, गिऱ्हाइकांना जिने चढायला काय धाड भरलीय. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, आणि जेवण? मी म्हटलं, जेवण काय, दोघांचं होतंच.

तिसऱ्यांदा फोडी त्यांनीच टाकल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या. जेवण वाढलं तर छपरावरची गिधाडं लगेच खाली आली, दाणा ठेवला नाही, म्हणजे पितर जेवले. नावं घेताना मी ठरल्याप्रमाणे थॉर्प मंडळींपासून सुरुवात करणार, तर पापांनी मला थांबवलं आणि आधी तुझ्यामाझ्या आईचं नाव घेतलं, मग कॉर्नेलियसचं.

कागद झाले. मशिन वरच्या व्हरांड्यात आहे. बायका रस्त्यावरूनच ओरडून बाह्या किती लांब ते सांगतात. वाळवी आहे, तू म्हणालास तशीच, सुतार लावलाय. डोंगरावरचं घर भाड्याने देऊ नकोस. तू परत येशील तेव्हा तुला वारा लागेल, आणि मला सुट्टीला जायला जागा.

काल शनिवार. बाजारात गेले, बाजार हाकेवर; पण वाटेत सूतवाली भेटली, मग धर्मगुरूंची बायको, मग आपली शाळेतली ओलाबिसी, ती तर सोडेचना. दुपार टळली. परत आले तर पापा थॉर्प पायरीवर उभे, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलायला लागले. कुठे होतीस, ही काय वेळ झाली, जेवायला फुफू ढवळून ठेवलं त्याचा दगड झाला, माणसाने सांगून जावं की नाही? मी टोपली खाली ठेवली आणि मुकाट्याने सगळं ऐकून घेतलं. कॉर्नेलियस गेल्यापासून मला उशीर झाला म्हणून कुणी रागावलं नव्हतं रे.

लोभ आहेच, तो आता दोघांच्या नावाने पाठव.
तुझी सिसी,
इयामिदे