सासऱ्यांसकट आवळलेली होडी

ती. मामांस,

आधी तुमच्या गुडघ्यांना आणि मग तुम्हाला नमस्कार. मामींचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची होडीही खुशाल आहे. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला तसं वाटणार नाही.

होडी तुम्हाला परत आणून द्यायची म्हणून तुम्ही फोनवर सांगितलंत तसंच सगळं केलं. होडीचं नाक ट्रेलरच्या खुंटाला बांधलं, ट्रेलरच्या दोन्ही साखळ्या गाडीला फुलीसारख्या अडकवल्या, मागचे दिवे लागतात का पाहिलं. राहिला तो होडीवरून आडवा घेऊन खटक्याने आवळायचा पट्टा. इथे माझे सासरे (निवृत्त मुख्याध्यापक, घरातल्या प्रत्येकाची अजून तोंडी परीक्षा घेतात) पुढे झाले. होडी हलते की नाही हे बाहेरून कळत नाही, आत बसून पाहावं लागतं, असं त्यांचं मत पडलं. ते आत बसले आणि म्हणाले, "आवळ." मी आवळलं. "अजून." अजून आवळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी सांगितलेलं काम मला एवढं चांगलं कधी जमलं नव्हतं. पट्टा त्यांच्या पोटावरून गेलाय हे आम्हा दोघांच्या लक्षात आलं, तोवर खटका अडकून बसला होता.

पट्टा कापू म्हटलं, तर सासरे आडवे आले (म्हणजे होते तिथूनच). "लोकांची वस्तू कापायची नाही." शेवटी होडी त्यांच्यासकट हळूहळू गॅरेजकडे न्यायची ठरली. बायको माझ्या शेजारी बसली, पण बोलेना. (ती बोलत नाही तेव्हा मला गाडी नीट चालवता येत नाही. बोलते तेव्हाही येत नाही.) पट्टा वाऱ्याने घूंघूं वाजत होता. एवढ्या संथपणे कोणी थोर माणूसच चालला असेल असं समजून मागच्या गाड्या दिवे लावून रांगेने येऊ लागल्या. सासरे दोन्ही बाजूंना मान झुकवत होते.

चौकात पोलिसाने अडवलं.

"वर कोण?"

"सासरे."

"बांधलेत कशाला?"

"सुटू नयेत म्हणून."

त्याने साखळ्या पाहिल्या, दिवे पाहिले, सासऱ्यांना हलवून पाहिलं. ते हलले नाहीत. होडीची शेपटी बाहेर आलीय म्हणून त्याने एक लाल फडकं मात्र लावायला सांगितलं. ते सासऱ्यांच्याच हातात दिलं.

गॅरेज बंद होतं. तेव्हा बायको होडीवर चढली आणि म्हणाली, "बाबा, पोट आत घ्या."

"आतच आहे."

"खरं सांगा."

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहून पोट आत घेतलं, पट्टा सैल पडला आणि खटका सुटला. मग त्यांनी पट्टा बोटांनी चाचपून पाहिला. "बांधलंस मात्र चांगलं," म्हणाले.

होडी सध्या अंगणात ट्रेलरवर उभी आहे. रविवारी आणून पोचवतो.

तुमचा भाचा

ता. क. होडीत एक उशी, कंदील आणि चष्म्याचं घर दिसेल. हलवू नये. सासरे त्या दिवसापासून खाली उतरलेले नाहीत. इथे आपल्याला कोणी हाका मारत नाही म्हणतात. चहा शिडीवरून जातो.

आणखी एक. त्यांची खोली आता मोकळीच आहे. होडी आमच्याकडे राहू दिलीत, तर तुम्ही आणि मामी त्या खोलीत हवं तितकं राहा. मासे धरायला तिथून तळं जरा लांब पडेल, एवढंच.