चुनखडीवरची जवारी

प्रिय वहिनी,

तुझं वर्षश्राद्ध नुकतंच झालं. त्या दिवशी भटजी होते, पाहुणे होते, तुझ्याशी बोलायचं राहून गेलं. आता लिहितो, कारण तुझी जवारी घरी आली आहे आणि उद्या ती पेरायची आहे.

तू गेलीस आणि दादानं तुझी ओढ्याकाठची पट्टीही कपाशीखाली घातली. त्याला तरी काय म्हणू? अमरावतीच्या बाजारात मी लिखापढी करतो. कापसासाठी व्यापारी कसे भांडतात ते रोज पाहतो. आपल्या साऱ्या वलगावानं कपाशीच लावली. पण मग खायला जवारी विकतची, बैलांना कडबा नाही, आणि बियाणं तर कुणाकडेच नाही! यंदा मी हट्ट धरला: पट्टी जवारीलाच.

"बियानं कुठी हाये बे?" दादा म्हणाला. "आन, मंग बोल."

कापूस वेचायला डोंगरातून यायची त्या सुकमाय कोरकिणीच्या हाती तू कणसांची जुडी दिली होतीस, ठेवायला अन् पेरायला. आम्ही किती हसलो होतो! तुला कसं गं कळलं, की खाली काही उरणार नाही?

मोर्शीपर्यंत बंडीनं गेलो, पुढं पायी. सुकमायनं सांगून ठेवलेली वाट झाडांच्या खुणांची: जोडमोहा, मग वाकडा साग, मग सालईचं बन. मोहा भेटला. साग कुठला! आगगाडीच्या रुळांखाली घालायला अर्धा उतार तोडून नेलेला, नुसती खुंटं. वाट चुकलो, फिरून पुन्हा त्याच खुंटांपाशी आलो. तेंदूच्या सावलीत बसलो तेव्हा परतावंसंही वाटलं. पण रिकाम्या हातानं दादापुढं जायचं नव्हतं. कोरडा नाला धरला आणि चढत राहिलो.

सालया लागल्या तशी काळी माती सरली. पांढुरका, भोकाभोकांचा चुनखडीचा दगड, आणि वर एकदम सपाट माळ! तुला डोंगर पाहायचा होता ना? आम्ही दरवर्षी म्हणायचो, सुगी होऊ दे. सुगी कधी संपते का? वरून वऱ्हाड काळाभोर दिसतो, वखरून ठेवलेला. आपलं गाव नाही दिसत. मी खूप शोधलं.

सुकमाय झोपडीपुढं बसली होती. "आला काय बापू? तुई वयनी म्हने, दीर येईन, पन पयले कागदावर लिवून पाहीन!"

ती यंदा वेचणीला आली नव्हती; तू गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं. ती उठून आत गेली आणि आढ्याला टांगलेली कणसं काढून मोजकी माझ्यापुढं ठेवली.

"सगळी दे ना," मी म्हणालो. "पट्टी मोठी आहे."

"अर्धी इथंच राहीन. तिचा बोल हाये. तुमी सगळी नेसान, अन् पुढच्या साली कापूस पेरसान! मंग कोनाकडं येसान?"

मी तेवढीच कणसं उपरण्यात बांधून घेतली.

घरी दादानं एक कणीस घेतलं, तळहातावर दाणे चोळले. "तिचीच हाये," म्हणाला. वर्षभरात तुझ्याविषयी त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द! मग थांबून म्हणाला, "तिफन मी हाकलतो. पन चाड्यावर मूठ कोन धरन? घरात बाई नाई."

खरंच. तिफणीमागं ओटीत बियाणं घेऊन चालायचं, मुठीतून नळ्यांवरच्या चाड्यात नेमका दाणा सोडायचा, ते काम तुझं. गावच्या बाया तर कपाशीच्या पेरणीत अडकलेल्या.

"मी धरतो," म्हणालो.

"लुगडं बी नेसतं काय?"

आणि दादा हसला. वहिनी, हसला तो!

उद्या उपरण्याची ओटी बांधून मी तिफणीमागं चालणार. लोक बांधावर उभे राहून पाहतील, पाहू देत. माझ्या मुठीतून कुठं दाट पडेल, कुठं विरळ. त्याबद्दल रागावू नकोस. पण तिफणीनं पाडलेलं एकही तास रिकामं जाऊ देणार नाही.

तुझा दीर,
बापू