डॅग्नीसाठी भरलेली काडतुसं

५ ऑक्टोबर, रविवार

पोहोचलो एकदाचा. खिंडीत बर्फ भुरभुरत होतं, तरी माझ्या खटारा ट्रकने एकदाही कुरकुर केली नाही. इंगा हाल्वर्सनबाई दारातच उभ्या होत्या. मी बूट काढायच्या आत त्यांनी लोणी-साखर लावून गुंडाळलेली लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, हातात ठेवली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, की एवढ्या वाळक्या माणसाकडून काम व्हायचं तर आधी त्याला खाऊ घालायला हवं. बाई मला आवडल्या.

त्यांचे यजमान ऑर्विल मार्चमध्ये वारले. मागे राहिलं ते गॅरेजभर घरी भरलेली काडतुसं. त्यातली कुठली वापरायची आणि कुठली मोडून टाकायची, हे सांगायला मला बोलावलंय. बंदुकांच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर माझं अर्धं आयुष्य गेलं. ते दुकान उन्हाळ्यात बंद पडलं, तेव्हा गॅरेजवरची उबदार खोली आणि दोन वेळचं जेवण मला काही वाईट वाटलं नाही.

आमच्या या डोंगरांत शेजारी शेजाऱ्याला ट्रक देईल, कुत्रा देईल, पण दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी आपल्या रायफलीत घालत नाही. हे मी बाईंना जेवताना म्हटलं. त्या फणकारल्या, की दुसरा कसला, डॅग्नीचा बाप आहे तो. डॅग्नी ही त्यांची एकुलती एक मुलगी. एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी बापाच्या रायफलीतून, बापानेच भरलेलं काडतूस उडवायचं, असं तिने ठरवलंय. तो दिवस शनिवार, २५ तारीख. तोवर मला हो किंवा नाही सांगायचंय.

झोपेन आता. पलंग छान मऊ आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

ऑर्विलसारखा कारागीर मी पाहिला नाही. टेबलावर काडतुसं भरायचा लोखंडी प्रेस, त्याच्या दांड्यावरचा लाकडी गोळा वर्षानुवर्षांच्या हाताने गुळगुळीत झालेला. प्रत्येक डब्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: बंदुकीची दारू कोणती, किती, कोणत्या साली. जुने डबे मी उजेडात नेऊन बघतो. पितळेवर हिरवा थर आहे का, मानेला केसाएवढी चीर आहे का, पाठीची ठिणगी पाडणारी टोपी नीट बसली आहे का. मग पोकळ हातोड्यात काडतूस अडकवून ठोकतो. गोळी निघते, दारू ताटलीत पडते. चांगल्या दारूला दवाखान्यासारखा वास असतो. नासलेलीला आंबूस, नाकात चढणारा. ऑर्विलची तीस वर्षांपूर्वीची दारूसुद्धा काल भरल्यासारखी निघाली.

दुपारी डॅग्नी आली. चाळिशीची, उंच, बर्फात वावरून गाल लालबुंद झालेले. मला म्हणाली, की काय डॉक्टर, रुग्ण वाचणार का? मी म्हटलं, रुग्ण तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत. ती मोठ्याने हसली. मग एक डबा उचलून दाखवला. झाकणावर वाकड्या अक्षरांत फक्त तिचं नाव. दारूचं नाव नाही, साल नाही. शेवटच्या हिवाळ्यात बाबांनी माझ्यासाठी भरली, असं म्हणाली. तिचा बाप शेवटी शेवटी तिला ओळखत नव्हता. बाहेरून कुणी बाई आली आहे, असं म्हणायचा. पण हा डबा भरताना त्याला ती आठवत होती, एवढंच तिला धरून ठेवायचंय. मला तिची फार कणव आली.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाईट बातमी. तो डबा उघडला.

पहिल्या काडतुसात योग्य दारू निघाली. रायफलीची, सावकाश जळणारी, बारीक कापलेल्या काड्यांसारखी. दुसऱ्यातही तीच. तिसऱ्यातून मिऱ्याची भरड असावी तशी चपटी, काळी दारू पडली. ही पिस्तुलाची. रायफलीच्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत ती भरून उडवली तर रायफल गोळी पुढे फेकत नाही, स्वतःच फुटते, आणि तेव्हा माणसाचा गाल तिच्या दस्त्यावर टेकलेला असतो.

म्हाताऱ्याने टेबलावर दोन्ही डबे उघडे ठेवले आणि मध्येच हा की तो हे विसरला. बाहेरून काडतूस बघून काही कळत नाही. वजनातही फरक नाही. हलवून कळत नाही. ते चांगलं आहे की नाही हे ते मोडल्याशिवाय कळायचं नाही, आणि मोडलं की उडवायला उरत नाही.

बाईंना सांगितलं. त्या आधी चिडल्या, की पन्नास वर्षं भरली त्याने, एकदा तरी चुकला का? मग खुर्चीत बसून रडल्या. मी सगळा डबा मोडला. दोन्ही दारू बागेत नेऊन पातळ पसरली. पितळी पुंगळ्या धुऊन प्रत्येकीच्या बुडाशी सुईने बारीक रेघ मारून ठेवली, ही माझी दुकानातली सवय. डॅग्नीला फोनवर सांगितलं, की दुकानातली काडतुसं आणतो.  ती ठीक आहे म्हणाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी तिच्या नावाचा डबा भरलेला होता.

पहिला संशय बाईंवर गेला. त्या म्हणाल्या, की तो दांडा ओढायला माझ्या खांद्यात जोर कुठे आहे? खरं आहे. त्यांना कपसुद्धा दोन हातांनी उचलावा लागतो. मग वाटलं, डॅग्नीच येऊन गेली असेल. पण अंगणातल्या ताज्या बर्फावर माझ्याच बुटांचे ठसे होते.

हातोड्याने मोडली सगळी. काहींत काड्या, काहींत भरड. पुंगळ्यांच्या बुडाशी माझीच रेघ.

दोन्ही दारूचे डबे गावाबाहेर नेऊन रिकामे केले. 

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डबा पुन्हा भरलेला. घरात दारूचा कण नाही. कुठून येते ते मला समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. प्रेसच्या दांड्यावरचा गोळा हातात घेतला तर गरम. गॅरेजात पाणी गोठलंय आणि तो गोळा आताच कुणी सोडल्यासारखा गरम.

मोडली. बाईंना काही बोललो नाही. त्या जेवताना मान वर करत नव्हत्या.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज भर दुपारी बघितलं.

खिडकीतून ऊन येत होतं. मी दारामागच्या स्टुलावर बसलो होतो. दांडा आपोआप खाली गेला. वर आला. पुंगळी सरकली. हळूहळू, नेटकं, पन्नास वर्षांच्या सरावाचं काम. मग दांडा अर्ध्यावर थांबला. बराच वेळ तसाच राहिला. काय करत होतो हे माणूस आठवून बघतो तसा. मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि पुटपुटणं. एक, दोन, तीन — मग काहीच नाही — मग एक, दोन.

भीती तर वाटलीच. पण त्याहून जास्त रडू आलं. मी म्हटलं, ऑर्विल, तुम्ही गेलात हो. मार्चमध्ये. आता थांबा.

दांडा थांबला. गॅरेजात हुंदका ऐकू आला. खूप वेळ तो रडत होता. मी ऐकत बसलो. मग शांत झालं, आणि मला वाटलं, सुटला बिचारा.

दांडा खाली गेला. एक, दोन —

विसरला होता. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तसाच रडला, अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. तिसऱ्यांदा सांगायला माझी जीभ वळेना.

२२ ऑक्टोबर, बुधवार

बाईंना सगळं माहीत आहे. मी येण्याआधीपासून. रोज सकाळी कॉफी घेऊन त्या तिथे बसतात.

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, की आर्लन, त्याला ते सांगू नकोस रे. मागच्या वर्षी तो रोज विचारायचा, माझा भाऊ कुठे आहे? मी खरं सांगायचे, आणि रोज त्याचा भाऊ नव्याने मरायचा. मग मी शहाणी झाले. गावात गेलाय, येईल जेवायला, असं सांगायला लागले. तू पण तसंच काहीतरी सांग.

मी विचारलं, मग तो थांबणार कधी? बाई म्हणाल्या, की डॅग्नीने डबा घेतला की थांबेल. तिच्यासाठीच तर जागा आहे तो.

मी ओरडलो. त्या डब्यात तिचं मरण आहे, असं म्हटलं. बाई म्हणाल्या, की मी त्याला नीट विचारलंय. या वेळी बघून भरतोय म्हणाला.

बघून भरतोय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

प्रेसच्या पायाचे बोल्ट काढले. ट्रकमध्ये घातला. दुपारी टेबलावर परत होता. बोल्ट आवळलेले.

डबा मोडला. संध्याकाळी भरलेला. पुन्हा मोडला. हाताला फोड आलेत. तो माझ्याहून चिवट आहे.

डॅग्नीला दुकानातली काडतुसं दिली, तिच्या हातात, माझ्या डोळ्यांदेखत. तिने शपथ घेतली, हीच वापरेन. डॉक्टर, तुमचा चेहरा का असा झालाय, असं म्हणाली. काय सांगू? तुझा बाप खाली बसलाय आणि तुझं नाव विसरायच्या आत डबा पुरा करायला धडपडतोय, असं सांगू?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तो पुटपुटताना मोजत नव्हता. तिचं नाव घेत होता. एकसारखं, विसरू नये म्हणून.

मी हातोडा खाली ठेवला. नाही मोडवला मला तो डबा. माझ्या खोलीत आणून पेटीत कुलूप लावून ठेवलाय. किल्ली खिशात —

२५ ऑक्टोबर, शनिवार

गॅरेज शांत आहे. जाग आली तीच त्या शांततेने. दांडा वर. गोळा गार.

पेटीचं कुलूप जागेवर. आत काही नाही.

खाली स्वयंपाकघराच्या टेबलावर माझी, दुकानातली काडतुसं. तशीच. बाई खिडकीशी बसलेल्या. इतका शांत चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. म्हणाल्या, की डॅग्नी पहाटे आली होती, डबा घेऊन गेली, तो गेला रे सुटून. तिने विचारलं होतं, आर्लनने तपासली का? बाईंनी सांगितलं, हो, आर्लननेच तपासून दिलीत.

माझ्या नावावर नेलीत तिने —

नंतर

ट्रक घेऊन तिच्या मागे आलो. वाट संपते तिथे तिचा ट्रक उभा आहे. फोन लागत नाही. ठसे ओढ्यापर्यंत. ओढ्यावरचं बर्फ माझ्याखाली खचलं, गुडघा मोडलाय, सरपटत माझ्या ट्रकपर्यंत परत आलो. वर कड्याखालच्या पाइनांत ती बसते, बापाच्या जागी. हाका तिथवर जात नाहीत.

हात हलता ठेवायला लिहितोय. हॉर्न वाजवतोय. मधे थांबतो, पुन्हा वाजवतो. दरीतले सगळे शिकारी मला शिव्या घालत असतील. घालू देत. एल्क पळून जाऊ देत सगळे. तिच्यासमोर आज एकही येऊ नये. एवढंच. देवा, एकही —

अजून काही नाही. हॉर्न.

आले. खालच्या झाडांतून कळप उठला. हॉर्नला बुजलेत. पळतायत —

खाली नाही. वर. कड्याकडे. माझ्यापासून लांब, सरळ ती बसते तिकडे. मी हाकललं त्यांना. मीच —

हॉर्न थांबवला. पुढचा मोठा नर पाइनांपाशी पोचला, उभा राहिला, आडवा, अगदी स्थिर —

डॅग्नी, नको, तो चाप —