हो हो, नक्की

सोमवार, ३ मार्च

आजची नोंद एका गंभीर तक्रारीने सुरू करणं भाग आहे. माझ्या पेनाने माझा घात केला. सतरा वर्षं ज्या पेनाने मी भल्याभल्यांची टोपी उडवली, त्याने नोकरीच्या पहिल्याच दिवशी, ऐन सहीच्या वेळी, स्वतःचं टोपण उडवलं आणि माझ्या एकुलत्या एका बऱ्या शर्टाच्या खिशात प्राण सोडला. छातीवर निळा डाग मिरवत मी रुजू झालो.

बाकी नोकरी झकास. ज्या वर्तमानपत्रात मी लोकांची खिल्ली उडवायचो ते बंद पडलं आणि बावन्नाव्या वर्षी या हॉटेलात काम मिळालं: गिऱ्हाइकं तक्रारवहीत जे लिहितात त्याला गोड उत्तरं लिहायची. वर राहायला खोली, दुपारचं जेवण फुकट. आयुष्यभर तक्रारी करून पोट भरलं, आता तक्रारींवर साखर पेरून भरायचं.

खाली चाळीस माणसांची जागा आणि छताला नऊ स्पीकर. छातीत धडधडतंय ते आपलं काळीज की त्यांचा ढोल, हे कळायला मार्ग नाही. मॅनेजर माझ्या कानाशी वाकून अदबीने काहीतरी म्हणाले. एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान डोलावली आणि म्हणालो, हो हो, नक्की. त्यांना फार आनंद झाला. नंतर पाहिलं, ते प्रत्येक टेबलाशी असेच वाकतात, आणि प्रत्येकजण माझ्यासारखीच मान डोलावतो.

सही अखेर वेटरकाकांच्या पेन्सिलीने केली. काका जन्मापासून बहिरे. समोरच्याचे ओठ वाचतात, स्वतःचं म्हणणं चिठ्ठीवर लिहितात. या गोंगाटात शुद्धीवर असलेला हा एकच माणूस. पेन्सिल उद्या परत करतो, असं सांगितलंय. ही रोजनिशी तक्रारवहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. वही मालकांची, पेन्सिल काकांची, अक्षर तेवढं स्वतःचं.

गुरुवार, ६ मार्च

ताई आली! याच गावात असते, आणि खरं सांगायचं तर नोकरी इथली पत्करली ती तिच्यासाठीच. भावोजींच्या निवृत्तीच्या भाषणावर मी एकदा लेख लिहिला होता. लेख गाजला, भावोजी गप्प झाले आणि ताईने अकरा वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. भावोजी आता नाहीत. मी पत्र टाकलं, ती जेवायला आली.

ताई म्हणजे निवृत्त शिक्षिका. साठ पोरांच्या वर्गात हजेरी घ्यायला लागली की मागच्या बाकावरचा झोपलेला दचकून हजर म्हणायचा. पण आज नऊ स्पीकरांपुढे तिचंही काही चाललं नाही. "काय रे दिवट्या, वाळलास की" एवढं दारातच ऐकू आलं, ते शेवटचं. मग सूप निवेपर्यंत ती बोलत होती, एकदा डोळेही पुसले. अकरा वर्षांनी बोलणाऱ्या बहिणीला "काय?" म्हणून किती वेळा विचारणार? तीनदा विचारलं. चौथ्यांदा म्हणालो, हो हो, नक्की.

तिने माझा हात घट्ट धरला. मी कशाला हो म्हणालो, देव जाणे.

गुरुवार, १३ मार्च

ताई फुरंगटून होती. काहीतरी विचारलं, मी मान डोलावली. तिने पर्समधून एक किल्ली काढून माझ्या ताटाशी आपटली. सांभाळायला दिली असावी म्हणून खिशात टाकली. आता विचारायची चोरी. आधी ऐकल्याचा आव आणला, तो निभवायला पुन्हा आव आणायचा.

वहीतल्या तक्रारी आखूड होत चालल्यात. पहिल्या आठवड्यात एका वकिलाने संगीताविरुद्ध पानभर लिहिलं होतं, तीन मुद्दे, चार पोटमुद्दे. काल त्याच वकिलाने त्याच अक्षरात लिहिलं: आवाज कमी करा. आज फक्त: आवाज.

मॅनेजरांना म्हटलं, आवाज दोन खुंट्या खाली करा हो, लोकांना बोलायचं असतं. ते कानाला हात लावून हसले.

गुरुवार, २० मार्च

चिठ्ठ्या बंद. मॅनेजरांनी सगळ्या वेटरांच्या वह्या-पेन्सिली गोळा करून नेल्या. आता मेनूवर चित्रं छापलीत, गिऱ्हाइकाने बोट ठेवायचं. काकांची एवढी एक पेन्सिल वाचली, कारण ती माझ्याकडे राहून गेली होती. काका नुसते माझ्या खिशाकडे बघतात.

वहीत वकिलाची फक्त सही. वर काही नाही.

ताईने गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. तिचे ओठ हलत होते. मी मान डोलावली. स्वतःच्या मानेचा असा संताप यापूर्वी कधी आला नव्हता.

मंगळवार, २५ मार्च

शर्ट आणायला लाँड्रीत गेलो. डाग गेला नाही म्हणून भांडणार होतो. गल्ली शांत, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. लाँड्रीवाला आणि वकील समोरासमोर उभे. एक तोंड हलवायचा, दुसरा कानाला हात लावायचा. मग दुसरा हलवायचा, पहिला हात लावायचा. मला एक शब्द ऐकू आला नाही. वाटलं, माझेच कान गेले. मग इस्त्रीची वाफ फुसकन सुटली, ती स्वच्छ ऐकू आली.

गुरुवार, २७ मार्च

दुपारी दीडला वीज गेली. स्पीकर बंद.

चाळीस माणसं बोलत होती. हातवारे, हसणं, रागावणं, सगळं चालू. आवाज फक्त चमच्यांचा. समोर ताई बोलतेय, गळ्याच्या शिरा ताणून — आणि काही नाही. पाणी गिळल्याचा आवाज येतो, शब्दाचा येत नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांना वाटत असावं, संगीतामुळे ऐकू जात नाही.

मी ओरडलो. म्हणजे तोंड उघडलं.

वीज आली. ढोल सुरू झाला. आणि त्याच्याखाली, आमच्या टेबलाच्या वरच्या स्पीकरमधून, हजेरी घेतल्यासारखा खणखणीत — काय रे दिवट्या —

शुक्रवार, २८ मार्च

काकांना कोपऱ्यात गाठलं. पेन्सिल त्यांच्या हातात दिली, वही पुढे केली. नुसते ओठ हलवून विचारलं, मॅनेजर सगळ्यांना काय विचारतात?

काकांनी लिहिलं: "तुमचा आवाज इथे ठेवून घेऊ का?" सगळे हो म्हणतात. पहिल्या दिवशी तुम्हीही म्हणालात. मी हात हलवत होतो. तुम्ही शर्ट पुसत होतात.

आणि ताई? ६ तारखेला ताई काय म्हणाली?

काकांनी थोडा विचार केला. मग सावकाश लिहिलं: "लेखाचं मी कधीच विसरले. घरी एकटी असते, भिंती खायला उठतात. राहायला ये. रविवारी खोली लावून ठेवते. येशील ना?"

तुम्ही म्हणालात, नक्की.

पेन्सिल मी पुन्हा मागून घेतली. लाज वाटली, तरी घेतली.

दाराजवळच्या स्पीकरमध्ये मी आहे. नीट कान दिला की कळतं. हो हो, नक्की. हो हो, नक्की. ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये —

शनिवार, २९ मार्च

ताईच्या घराची किल्ली ती. उघडून आत गेलो. घरात कुणी नाही. मागची खोली — पलंगावर इस्त्रीची चादर. खिडकीशी टेबल, कोऱ्या कागदांचा गठ्ठा. वरच्या कागदावर तीन आठवड्यांची धूळ —

पळत हॉटेलात. सगळे आता रोज येतात. स्वतःला ऐकायला. ताई आमच्याच टेबलावर, मान वर करून, छताकडे — येशील ना, येशील ना — तिचाच आवाज तिला विचारतोय —

खांदा हलवला. तोंड उघडलं. काय सांगणार —

वहीचं पान फाडलं. मोठ्या अक्षरात: ताई, हो. या वेळी ऐकून सांगतोय. चल घरी.

वाचते आहे. पुन्हा वाचते. वर बघायची थांबली. पर्स उचलली —

दारात नवी बाई, लहान मुलीला घेऊन. मुलगी कानावर हात ठेवून. मॅनेजर निघाले, वाकायला — काका माझ्यापुढे हात पसरून उभे. हॉटेलात दुसरी पेन्सिल नाही. मॅनेजरांच्या आधी काकांना चिठ्ठी घेऊन तिच्यापर्यंत पोचायचंय —

घ्या काका. उद्या देतो म्हणालो होतो. झिजली थोडी, पण टोक अजून