गुडघ्याच्या वरचा कुत्रा

शनिवार, १८ जानेवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे, मशीन बरी आहे, पाणी वेळेवर येतं, जिन्यातला दिवा मात्र अजून कोणी दुरुस्त केलेला नाही. तुझं पत्र मिळालं आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मग दोघी एकदम गप्प बसतो. त्यात तुझा तो उजवा कान. म्हणून लिहितेच.

तर कुत्रा. ‘तू कुत्र्यांचे कोट शिवतेस, तुला त्यातलं कळतं. मोठा घेऊ की छोटा, तेवढं सांग,’ असं तू लिहिलंस. अगं, तेवढं म्हणजे काय तेवढं! आयुष्यभर मी बायकांचे कपडे शिवले, पण म्हणून कोणी मला येऊन विचारलं नाही की सून उंच बघू की बुटकी. कुत्र्यांचे कोट मी शिवायला लागले ते समोरच्या दुकानदाराने गळ घातली म्हणून. कुत्र्याच्या छातीचं माप मला कळतं, त्याच्या मनातलं नाही. पण तू विचारलंयस, तर सांगते.

आधी छोटा. छोटा कमी खातो, पिशवीत बसतो, बसमध्ये कोणी हरकत घेत नाही. आजारी पडला तर उचलून डॉक्टरकडे नेता येतो. घाण केली तर कागदाच्या एका कपट्यात काम होतं. माफ कर, पण रोज सकाळी वाकायचं तुलाच आहे, तेव्हा हेही बघायला हवं. पण शिवणारी म्हणून सांगू? छोट्याइतका ताप नाही. कापड वीतभर आणि मेहनत दुप्पट. टेप लावला की गरागरा फिरतात, टाचणी दिसली की चावतात. आणि भुंकणं! जिन्यात कोणी खोकलं तरी भुंकतात, कोणी नाही खोकलं तरी भुंकतात. शेवटी लोक लक्षच देईनासे होतात.

मोठ्याचं उलटं. माप घ्यायला शांत उभा राहतो, कधी कधी तर मधेच झोपतो. उगाच तोंड उघडत नाही. पण खाणं म्हणजे जेवायला आलेला पाहुणा परत गेलाच नाही असं समज. शेपटी हलवली की टेबलावरचे कप जमिनीवर. भिजला की घरभर वास. दोरी ओढायला लागला की तू त्याला फिरवतेस की तो तुला, हे बघणाऱ्याला कळायचं नाही. आणि आजारी पडला तर? त्याला उचलणार कोण? तू? त्या कंबरेने?

म्हणजे छोटा घे. असं मी परवा ठरवलं होतं आणि पत्र लिहायला बसलेही होते. मग वाटलं, छोटा सारखा पायात पायात येतो. दिसत नाही, चाहूल लागत नाही, आणि तू चष्मा न लावता घरभर फिरतेस. म्हणून तो कागद फाडला.

आता एक गोष्ट, लिहू की नको कळत नाही. मोठे कुत्रे लवकर जातात गं. माझ्याकडे कोटाला येणारे दोन-तीन मोठे असे बघता बघता पिकले आणि गेले. छोटे मात्र म्हातारे होऊन आंधळे झाले तरी भुंकत असतात. भावोजींना जाऊन अजून धड दोन वर्षंही झाली नाहीत. त्यांची चप्पल तू अजून दारातून हलवलेली नाहीस. त्यात परत काही वर्षांनी आणखी एक जायचं, हे तुझ्याच्याने होईल का? आणि छोटा घेतलास आणि तोच तुझ्यामागे राहिला तर? तर मी आहे की. त्याची काळजी नको. बघ, हे काय लिहून बसले मी! अभद्र कुठची. खोडणार होते, पण खाडाखोड झाली की तू नेमकं तेच उजेडाला धरून वाचतेस.

तू सांगितलंस तशी मी बुधवारी इथल्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जाऊन तू पत्रात लिहिलेले ते दोन्ही कुत्रे बघून आले. छोटी आहे तिला तिथे ठिणगी म्हणतात. तांबूस, कान उभे, डोळे बटणासारखे. दिसायला इतकी गोड की बघताक्षणी पिशवीत घालावी. मी हात पुढे केला तर कचकन चावली. रक्त नाही आलं, पण अपमान झाला. मग शेल्टरवाल्या बाई म्हणाल्या, ‘तिला वेळ द्या, ती घाबरते हो.’ मी म्हटलं, मीही घाबरते, पण मी चावते का कोणाला?

मोठ्याचं नाव पैलवान. नाव ऐकून मला वाटलं, आता हा अंगावर येणार. कसलं काय! राखाडी, ढिला, तोंडावर पिकलेले केस, आणि चालणं अगदी तुझ्यासारखं, म्हणजे कुठेही जायची घाई नसल्यासारखं. माझ्याजवळ आला, बाजूला उभा राहिला आणि सगळं अंग माझ्या मांडीला टेकवून दिलं. ढकललं नाही हं, नुसतं टेकवलं. मी कितीतरी वेळ तशीच उभी होते, हलले असते तर तो पडला असता. बाई म्हणाल्या, हा दिवसातून एखाद्या वेळेस भुंकतो, पण भुंकला की गल्लीतली माणसं खिडक्या उघडून बघतात, काय झालं म्हणून.

ते ऐकलं आणि मला तूच आठवलीस. का ते तुला माहीत आहे. नाही, तुला माहीत नाही की मला माहीत आहे. तुझ्या शेजारच्या मास्तरांनी मला फोन करून सांगितलं. तू मला लिहिलंस, ‘पाय जरा लचकला.’ जरा! न्हाणीघरात सकाळी पडलीस, आणि मास्तर वर्तमानपत्र मागायला आले ते दुपारी. तोवर फरशीवर होतीस. हाका मारल्यास आणि कोणाला ऐकू गेल्या नाहीत. मला का नाही सांगितलंस गं? मी ओरडले असते म्हणून? ओरडलेच असते. आत्ताही ओरडतेय. मास्तरांवर चिडू नकोस, माझी शपथ आहे.

म्हणून तुला कुत्रा हवाय, हे मला तेव्हा कळलं. आणि कळल्यावर गोंधळ आणखी वाढला.

कारण आता ते सांगायला हवं जे मी चार पानं झाली तरी टाळतेय. भावोजी गेल्यापासून मी सगळ्यांना सांगत आलेय की ताई माझ्याकडे राहायला येणार. वाण्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. मशीन बाहेरच्या खोलीत आणून आतली खोली तुझ्यासाठी रिकामी केली. तू कधी ‘येते’ म्हणाली नाहीस. ‘येत नाही’ असंही म्हणाली नाहीस. ‘बघू’ म्हणतेस. मी आपली खिडकीला नवीन पडदा शिवून मोकळी.

आणि आमच्या इमारतीचा नियम असा आहे की गुडघ्याच्या वर जाणारा कुत्रा ठेवता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या कुत्र्यापायी घर सोडावं लागलं होतं, ते मी तुला तेव्हा लिहिलं होतं. चांगलं दोन पानं लिहिलं होतं, मला पक्कं आठवतंय. आता तुला ते आठवतंय की नाही, यावर माझा जीव टांगणीला लागलाय. आठवत नसेल, तर तुझा प्रश्न साधा आहे, मोठा की छोटा. पण आठवत असेल, तर मग तू मला कुत्र्याचं विचारतेस की माझं? छोटा म्हणजे येते आणि मोठा म्हणजे येत नाही, असं काही आहे का तुझ्या मनात? की मीच वेड्यासारखी कशाचा संबंध कशाला लावतेय? दिवसभर मशीन चालवताना हेच डोक्यात फिरतं. काल एका कोटाला पाच पायांची भोकं ठेवली.

हसू नकोस, पण मी आणखी एक उद्योग करून बसलेय. नियमात गुडघा लिहिलाय, पण कोणाचा गुडघा ते लिहिलेलं नाही. आमचे सेक्रेटरी उंचीला ताडमाड. त्यांची पॅन्ट माझ्याकडे कमी करायला आलेली होती. मी त्यांना म्हटलं, ‘घालून दाखवा, असं हातात घेऊन कळत नाही.’ ते बिचारे उभे राहिले आणि मी टेप लावून जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. ‘पॅन्टला गुडघ्याचं माप कशाला लागतं?’ त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, ‘नवीन पद्धत आहे.’ आणि पैलवानाचं माप मी शेल्टरमध्येच घेतलं होतं, कोटाच्या नावाखाली.

घरी येऊन दोन्ही मापं ताडून बघितली. पैलवान वर जातो. चांगला वीतभर वर जातो. सेक्रेटरी टाचा उंचावून उभे राहिले तरी जमायचं नाही. मला रडू आलं ताई, सरळ सांगते. कुत्रा मोठा निघाला म्हणून कोणी रडतं का?

आता तुझं उत्तर. माझ्या सोयीचं विचारशील तर छोटा घे, ठिणगीला घेऊन ये, चावली तर चावली. पण तुझा विचार करते तेव्हा मला ती न्हाणीघरातली फरशी दिसते. ठिणगी दिवसभर भुंकली तरी मास्तर म्हणतील, रोजचंच आहे. पैलवान एकदा भुंकला की गल्ली धावत येईल. आणि तो तुझ्याच चालीने चालतो. लवकर जाईल, हे खरं. पण तोवर तुला टेकून उभा राहील. मी किती वेळा हे पत्र छोट्यापर्यंत आणून सोडलं, तरी ते मोठ्याकडेच जातं.

मोठा घे.

लिहिलं बाई. आता वर वाचून बघत नाही, नाहीतर फाडीन. म्हणजे तू इथे येणार नाहीस, हे मला कळतंय. का कळत नाहीये? तूच सांग. मला काहीच धड समजेनासं झालंय.

कंबर शेकत जा. चष्मा लावत जा.

तुझी,
काय लिहून बसले तेच न कळणारी,
बडबडी


शुक्रवार, २४ जानेवारी

प्रिय बडबडे,

पत्र मिळालं. उजेडाला धरूनच वाचलं.

नियम मला आठवत होता. दोन नाही, तू तीन पानं लिहिली होतीस, त्यातलं एक सेक्रेटरींच्या मिशांवर होतं.

तेव्हा तुझा संशय खरा आहे. मी कुत्र्याचं विचारत नव्हते. मला इथेच राहायचं आहे गं. हे घर, ही गल्ली, इथला आवाज सगळा ओळखीचा आहे, ऐकू कमी येतं तरी. पण तुला ‘नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. तू खोली रिकामी केलीस, पडदा शिवलास. लहानपणापासून तू काही मागितलंस आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालं होतं का? म्हणून मी भित्र्यासारखं ते तुझ्यावर टाकलं. मनाशी ठरवलं, बडबडी छोटा म्हणाली तर गुपचूप सामान बांधायचं, छोटा घ्यायचा आणि जायचं. परत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मला खात्री होती तू छोटाच म्हणशील.

तू छोटा म्हणाली असतीस, तर मी आले असते. हे तुला कळायला हवं. सगळं तुझ्या एका शब्दावर होतं आणि तो तुझ्या हातात होता. ‘मोठा घे’ हे वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग मास्तरांना बोलावून भांडले, शपथ होती तरी.

पुढच्या शनिवारी पैलवानाला न्यायला येते. आदल्या दिवशी तुझ्याकडे उतरेन, त्या खोलीत झोपेन. पडदा बघायचा आहे. सकाळी दोघी मिळून त्याला घ्यायला जाऊ. मला एकटीला तो गाडीत चढवता येणार नाही, तेव्हा तू सोबत इथपर्यंत ये आणि हवं तितकं राहा. परत जायच्या दिवशी मी रडेन, तेव्हा माझं ऐकू नकोस.

आता मी जे कधीच लिहिलं नाही, ते खाडाखोड न करता खाली सहीतच लिहिते.

तुझ्याकडे राहायला न येणारी,
तुझीच,
ताई