तीनशे पंख्यांची ऑर्डर

मारुगामे, ६ जून १९८९

चि. त्सुयाको हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझे भावजी जाऊन चार महिने झाले, तरी हात अजून दोघांचाच भात टाकतो.

पत्रास कारण, पितरांच्या बोन सणातल्या नाचासाठी उत्सव मंडळाने तीनशे कागदी पंखे मागितलेत. बांबू मी चिरून ठेवलाय. अडलंय ते छपाईचं. जाळीच्या चौकटीवरून शाई मी ओढीन, पण खालचा कागद अलगद उचलायला दुसरं माणूस लागतं. ते काम भावजींचं, आणि माझ्या लग्नाआधी तुझं. एकटीने केलं की निळी लाट एकीकडे आणि लाल मासा दुसरीकडे. जुलैत पंधरा दिवस ये. तुझ्याइतका हलका हात गावात कुणाचा नाही, आणि तुझ्याइतकी तिखट जीभही.

कळावे, लोभ असावा,
तुझी फुसाएताई

साप्पोरो, १९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

येणं जमणार नाही गं. सुनेचे दिवस भरत आलेत आणि माझे गुडघे जिना पाहिला की रडतात. सत्तरी आली तरी तुझा हट्ट काही सुटत नाही! मुदत वाढवून द्या, असं मंडळाला मीच फोन करून सांगते. तू कुणाकडे तोंड उघडून काही मागशील तर शपथ. रागावू नकोस, जेवत जा. लोभ असावा.

तुझी धाकटी,
त्सुयाको

मारुगामे, २५ जून

चि. त्सुयाको हिस आशीर्वाद.

फोन करू नकोस. ऑर्डर नाहीच. मंडळ यंदा प्लास्टिकचे पंखे आणतंय. मी तुला पहिलं पत्र लिहिण्याआधीच अध्यक्ष स्वतः येऊन, कमरेत वाकवाकून सांगून गेले. मी त्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर बांबू चिरत बसले. दुसरं काय करणार होते?

आपल्या आईने कधी कुणाला नुसतं बोलावलं होतं का? मावशी विधवा झाली, तेव्हाही 'कागद चिकटवायला ये' असाच निरोप गेला. तीच खोड माझी. तुला खोटं लिहिलं, त्याची लाज वाटते.

सुनेचं बाळंतपण नीट पार पडू दे. मग ये. तुझ्यासाठी इथे काहीही काम नाही. मला फार एकटं वाटतं, एवढंच आहे.

लोभ असावा, असं आपण दरवेळी लिहितो. या वेळी तू असावीस.

ताई