बिनप्लेटीचे आठवडे

प्रिय सिग्ने,

तुझी नंबरप्लेट मंगळवारी आली. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं पत्र तू शांतपणे वाचशील. नंबर बरोबर आहे, ट्रकमध्ये ठेवायचं कार्ड बरोबर आहे, आणि आडनावाचं स्पेलिंग या वेळी कुणी बिघडवलेलं नाही. मालक म्हणून तुझं नाव, पत्ता इथला, साउथ डकोटाचा. बाबांच्या मागे त्यांचा ट्रक आता पुरता तुझा झाला.

इकडे वाऱ्याने शेडचा पत्रा उचकटला होता. शेजारच्या गेलनने तो ठोकून दिला आणि ठोकता ठोकता विचारलं, सिग्ने कधी येणार. मी सांगितलं की कंपनी सोडल्यापासून तिचा ट्रक मिझुरीत तिच्या मैत्रिणीच्या, वांडाच्या शेतावर उभा आहे, नवी प्लेट मिळाली की तिथूनच निघेल. "म्हणजे इकडे नाहीच," तो म्हणाला. गेलनला गप्प बसणं कधी जमलेलं नाही. चर्चच्या जेवणाला मी बटाट्याचं कॅसरोल नेते, पण अर्धं परत येतं, आणि तेच मला आठवड्याच्या मध्यापर्यंत पुरतं. एवढ्याच बातम्या.

बाबा कायम कंपनीच्या प्लेटीवर चालले, हे तुला ठाऊक आहे. ट्रक आपला, टायर आपले, डिझेल आपलं, पण प्लेट मात्र ज्या कंपनीचा माल वाहायचा तिच्या नावावर. करार मोडला की ती काढून परत करायची आणि दुसऱ्या कंपनीची येईपर्यंत ट्रक अंगणात. फाटकाबाहेर चाक घालायची सोय नाही. हे जवळजवळ दर ऑक्टोबरात व्हायचं. बाबा घरात शिरायचे, टोपी खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "भांडण झालं." कुणाशी विचारलं की म्हणायचे, फेऱ्या वाटून देणाऱ्या डिस्पॅचरशी, माणूसच तसला. मग मी सुरू व्हायची. मी हायस्कुलात मुलांना हिशेब शिकवत होते. ज्याच्या भरवशावर पोट चालतं त्याच्याशी वर्षाला एकदा भांडणारा नवरा मला समजत नव्हता. मी म्हणायची, स्वतःची प्लेट काढा, म्हणजे सोमवारी एकाशी भांडलात तरी मंगळवारी दुसऱ्याचा माल नेता येईल. अर्जसुद्धा भरून ठेवला होता, नुसती सही हवी होती. "पुढच्या वर्षी बघू, मार्लिस," असं म्हणून ते खिडक्यांना थंडीच्या जादा काचा बसवायला शिडी काढायचे.

त्या आठवड्यांत घरात किती आवाज असायचा. सकाळी तव्यावर पॅनकेक, दुपारी शेडमध्ये हातोडी, संध्याकाळी माझ्याशी पत्त्यांचा, क्रिबेजचा डाव आणि त्यात त्यांची उघड लबाडी. तू बंपरवरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणायचीस, ट्रकचा दात पडलाय. नवी प्लेट आली की बाबा ते पाकीट न फोडता फ्रिजवर ठेवायचे आणि रविवारचं जेवण झाल्याशिवाय त्याला हात लावायचे नाहीत. मी म्हणायची, लावा आणि निघा, थंडी पडायच्या आत चार फेऱ्या होतील. ते मान डोलवायचे आणि बटाटे पुन्हा वाढून घ्यायचे.

तू कंपनी सोडून तिची प्लेट माझ्याकडे पाठवलीस, ती मी स्वतः स्यू फॉल्सला कंपनीच्या ऑफिसात नेऊन दिली. टेबलामागे रॉयस बसला होता, बाबा ज्याच्याशी भांडायचे तोच डिस्पॅचर. आता पार पिकलाय. मी प्लेट त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, तुम्ही माझ्या नवऱ्याला बरंच छळलंत. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"ओरिनला? अहो बाई, आमचं कधी वाजलंच नाही. प्लेट आणून अशीच इथे ठेवायचा आणि म्हणायचा, रॉयस, मला जरा घरी अडकायचंय. मग ओमाहाच्या कंपनीकडे जायचा, पुढच्या वर्षी परत आमच्याकडे. आम्ही चिडवायचो त्याला. म्हणायचो, अरे, साधी सुट्टी घे की. तर म्हणायचा, प्लेट लावलेली असली की फोन येतो, आणि फोन आला की मी निघतो."

मी पावती घेऊन घरी आले. बाबांनी मला एकदा खरं सांगितलं असतं तर मी रागावले नसते. किंवा रागावलेही असते. त्यांनी मला ओळखलं होतं.

तुझा अर्ज मी भरला कारण तेच शहाणपणाचं आहे, आणि अजूनही तेच म्हणेन. या प्लेटीवर तू आज एका कंपनीचा माल ने, उद्या दुसरीचा. कुणाच्या पाकिटाची वाट बघायला नको, म्हणजे कुठे थांबायला नको. या अंगणात तर नकोच. ट्रक उभा राहायचा तिथे तेलाचा डाग आहे. त्यावर दोनदा खडी टाकून घेतली, तरी तो वर येतो. आता टाकणार नाही.

तू फोनवर म्हणालीस, पोस्टाने पाठव आई, घाई आहे. पोस्टाने फक्त हे पत्र येतंय. प्लेट घेऊन मी स्वतः येते आहे, शुक्रवारी. कॅन्सस सिटीच्या पुढे मी कधी एकटीने गाडी नेलेली नाही, पण रस्ता सरळ दक्षिणेला जातो आणि मला पाट्या वाचता येतात. वांडाला सांग, मला कुठेही झोप लागते आणि स्वयंपाक मी करीन. क्रिबेजचे पत्ते आणि गुण मोजायचा पट सोबत आणते आहे. प्लेट माझ्या पर्समध्ये असेल आणि रविवारचं जेवण होईपर्यंत तिथेच राहील. मागू नकोस, मिळणार नाही. सोमवारी सकाळी आपण दोघी मिळून स्क्रू आवळू. मग तू हवं तिकडे जा.

तुझीच,
आई